वाचकांचे प्रश्न : मी रुंद आणि गल्ली अरुंद

प्रश्न : ताई नमस्कार. आम्ही बडोद्यात घडियाळी पोळमध्ये (पोळ म्हणजे जुन्या शहरातली अरुंद गल्ली) राहतो, आजेसासऱ्यांपासून इथेच. माझा पुतण्या कॅनडाहून आलाय, आल्यापासून पाणी बाटलीचंच हवं, रिक्षात धूळ येते म्हणून भाड्याची मोठी गाडी घेतली आणि ती पोळमध्ये अशी आडवी लावली की कोणाची अ‍ॅक्टिवासुद्धा निघेना. वर हाच म्हणतो, इथल्या रस्त्यांना काही प्लॅनिंगच नाही! समोरच्या बेन गॅलरीत कपडे वाळत घालत होत्या, तिथूनच म्हणाल्या "हुं पहोळो ने शेरी सांकडी". सगळे हसले, सासूबाई मात्र भडकल्या, म्हणे आपल्या मराठीत असं कोणी तोंडावर बोलत नाही. खरंय का? आणि बाकी भाषांत अशा लोकांना काय म्हणतात?
– एक काकू, बडोदा

उत्तर : काकू, सासूबाईंना नमस्कार सांगा, पण त्यांचं म्हणणं काही पटलं नाही हं. दीडशहाणा, शिष्ट, आगाऊ, उंटावरचा शहाणा, हे सगळं आपण तोंडावरच तर बोलतो. फरक आहे तो वेगळाच. आपण बाहेर उभं राहून निकाल देतो, तू अमुक आहेस म्हणून, आणि बेन काय म्हणाल्या बघा, "मी" रुंद, गल्ली अरुंद. म्हणजे त्या स्वतः काहीच बोलल्या नाहीत, पुतण्याच्या मनातलं त्याच्याच आवाजात बोलून दाखवलं, आणि तो तर आधीच रस्त्यांना नावं ठेवून बसलेला! आपलं "नाचता येईना अंगण वाकडं" जवळ येतं पण ते ज्याला जमत नाही त्याच्याबद्दल, याला तर सगळंच जमतं असं वाटतंय. आणि "मी"वालं काही हवंच असलं की आपण चक्क हिंदीत शिरतो, हम करे सो कायदा.

तुर्की लोकांकडे मात्र या जातीची एक झकास म्हण आहे, "छोटे डोंगर मीच निर्माण केले". असं म्हणत असल्यासारखा चालतो तो, असं सांगतात. (मोठे डोंगर देवाला सोडले असावेत.)

बाकी बऱ्याच भाषा अंगावर जातात. नाक वर करणं जर्मनांकडे आहे, रशियनांकडे आहे, आपल्याकडे आहेच. जपानीत तर थेट "तेंगू झाला" म्हणतात, तेंगू म्हणजे त्यांच्या लोककथांतला लाल तोंडाचा लांबच लांब नाकाचा डोंगरातला राक्षस. फ्रेंचांत डोकं मोठं होतं ते ठीक, पण घोटेसुद्धा सुजतात, कोणी स्वतःची टिमकी वाजवायला लागला की समोरचा अगदी काळजीने विचारतो, घोटे बरे आहेत ना? डच माणूस चढला की स्वतःच्या बुटांच्या बाजूने चालतो आणि पोर्तुगीजांच्या पोटात राजा बसतो. संस्कृतपासून गुजरातीपर्यंत आपल्याकडे मात्र आवाजावर राग जास्त, भरलेला घडा आवाज करत नाही, अधजल गगरी, उथळ पाणी, खाली चणो वागे घणो (रिकामा हरभरा जास्त वाजतो), सगळं तेच ते, मला थोडं कंटाळवाणंच वाटतं.

मला सगळ्यात आवडतं ते स्पॅनिश. तिथे आपलीच लाल करणाऱ्याला म्हणतात, याला आजी नाही वाटतं! म्हणजे कौतुक करायचं काम आजीचं, ती नसेल तर बिचाऱ्याला स्वतःलाच करावं लागणार. आता तुमच्या पुतण्याची आजी म्हणजे तुमच्या सासूबाईच की, आणि त्या तर चांगल्या ठणठणीत आहेत, बेनवर भडकल्या त्या उगीच नाही. त्यांनाच सांगा गाडी हलवायला, त्यांचं ऐकेल तो.

प्रश्न : "टेंभा मिरवणे" मधला टेंभा म्हणजे काय? मुलीने विचारलं. आणि मिजास कुठून आली?
– एक बाबा, आजवा रोड

उत्तर : टेंभा म्हणजे मशाल. काठीला चिंध्या गुंडाळायच्या, तेलात भिजवायच्या आणि पेटवायच्या. रात्रीच्या मिरवणुकीत सगळ्यांचं लक्ष तिकडेच जाणार ना. मिजास आली अरबीतून, मूळचा शब्द मिझाज, अर्थ नुसता प्रकृती, स्वभाव. हिंदी-उर्दूत अजून "मिजाज कैसे हैं" विचारतात आणि समोरचा खुश होतो. मराठीत एखाद्याला "काय, कशी काय मिजास?" असं विचारून बघा एकदा, फक्त सासरी नको.