किकॅडमधलं (सर्किट बोर्ड डिझाइनच्या सॉफ्टवेअरमधलं) प्रोजेक्ट कॉलेजच्या पीसीवरून घरी आणलं की फुटप्रिंट (पार्ट बसायच्या बोर्डवरच्या जागा) सापडत नाहीत आणि एफ८ पण चालत नाही, फाइल्स नक्की ठेवायच्या कशा?

थर्ड इयरला आहेस म्हणतोस म्हणून अरेतुरे करतोय, राग नको मानूस. तू पेन ड्राइव्हवर फक्त किकॅड_पीसीबी एक्स्टेन्शनवाली एकच फाइल आणलीस आणि घरी तिच्यावरच डबल क्लिक केलंस ना? मग एफ८ (स्किमॅटिक म्हणजे सर्किटच्या आकृतीतले बदल बोर्डवर आणणारं बटण) चालणारच नाही, कारण तसं उघडलं की पीसीबी एडिटर एकटाच चालू होतो, स्टँडअलोन मोडमध्ये, आणि स्किमॅटिक कुठंय ते त्याला माहीतच नसतं. नेहमी किकॅड_प्रो वाली फाइल उघडायची, मग प्रोजेक्ट मॅनेजरमधून स्किमॅटिक आणि बोर्ड.

किकॅडमध्ये प्रोजेक्ट म्हणजे फाइल नाही, अख्खं फोल्डर. न्यू प्रोजेक्ट करताना खाली नवीन फोल्डर बनवायची टिक असते ती काढू नकोस, नाहीतर सगळं डेस्कटॉपवर पसरतं. आत किकॅड_प्रो, किकॅड_एससीएच आणि किकॅड_पीसीबी या तिघी एकाच नावाच्या असतात आणि त्या नावावरच एकमेकींना ओळखतात. विंडोज एक्सप्लोररमध्ये जाऊन एकीचं नाव बदललंस की मोडला संसार. नाव बदलायचं असेल तर प्रोजेक्ट मॅनेजरमधूनच सेव्ह ॲज कर, तो सगळ्यांची नावं एकदम बदलून कॉपी काढतो.

आता फुटप्रिंटचं. सिम्बॉल (आकृतीतली पार्टची चिन्हं) स्किमॅटिकच्या आत सेव्ह होतात (व्हर्जन ६ पासून, त्याआधी कॅश फाइल सांभाळत बसावं लागायचं) आणि बोर्डवर ठेवलेल्या फुटप्रिंट बोर्डच्या फाइलमध्येच असतात, म्हणून तुला बोर्ड दिसतोय व्यवस्थित. पण नवीन पार्ट टाकून अपडेट करायला गेलास की किकॅड त्याची फुटप्रिंट लायब्ररीत (फुटप्रिंटच्या साठ्यात) शोधणार, आणि ती लायब्ररी बसलीये कॉलेजच्या डी ड्राइव्हवर! उपाय एकच, स्वतः बनवलेली किंवा नेटवरून उतरवलेली प्रत्येक लायब्ररी प्रोजेक्टच्या फोल्डरातच ठेवायची आणि मॅनेज फुटप्रिंट लायब्ररीजमध्ये ग्लोबल नाही तर प्रोजेक्ट स्पेसिफिक टॅबमध्ये जोडायची. पाथमध्ये सुरुवातीला केआयपीआरजेएमओडी हे व्हेरिएबल आलं पाहिजे, त्याचा अर्थ 'हे प्रोजेक्ट जिथं असेल तिथं', मग फोल्डर कुठेही ने. सिम्बॉलच्या लायब्ररीचंही तसंच. थ्रीडी मॉडेल लोक हमखास विसरतात आणि मग व्ह्यूअरमध्ये बोर्ड टकला दिसतो, तर तेही एका सबफोल्डरात टाक.

उडवायला चालतात त्या म्हणजे किकॅड_पीआरएल (तुझ्या मशीनवर कुठले लेयर चालू-बंद होते वगैरे) आणि एफपी-इन्फो-कॅश. बॅकअप्स नावाच्या फोल्डरात झिप साठत जातात, त्या असू देत, लाइट गेली की त्याच कामाला येतात. एफपी-लिब-टेबल आणि सिम-लिब-टेबल या दोन फाइल्सना एक्स्टेन्शन नसतं म्हणून कचरा वाटतात, पण प्रोजेक्टच्या लायब्ररींचा पत्ता त्यातच लिहिलेला असतो, त्यांना हात लावू नकोस.

अजून एक, कॉलेजात व्हर्जन ७ आणि घरी ९ असेल तर घरी सेव्ह केलेलं कॉलेजात उघडणार नाही. जुनं नव्यात उघडतं, उलटं नाही. दोन्हीकडे एकच व्हर्जन टाक.

माझी स्वतःची फजिती सांगतो. एका कंट्रोलरचा बोर्ड होता, फोल्डरं दोन, 'फायनल' आणि 'फायनल_नवीन' (हसू नकोस, तुझ्याकडेही असणार). वायर जोडायचा टर्मिनल आधी ३.५ एमएम पिन-अंतराचा होता, पुण्याच्या तापकीर गल्लीत ५.०८ चाच मिळाला म्हणून फुटप्रिंट बदलली आणि गर्बर (बोर्ड बनवायला द्यायच्या फाइल्स) मात्र जुन्या फोल्डरातले भोसरीच्या फॅब्रिकेटरला, म्हणजे बोर्ड बनवणाऱ्याला, पाठवले. २५ बोर्ड आले, एकदम चकाचक, आणि टर्मिनलची एक पिन भोकात बसली की दुसरी बाहेर. शेवटी प्रत्येक बोर्डला वायरचे तुकडे सोल्डर करून टर्मिनल लोंबकळत ठेवले. फॅब्रिकेटरची काय चूक, त्याने जे दिलं ते छापलं.

तेव्हापासून फोल्डर एकच आणि आत गिट (फाइल्समधला प्रत्येक बदल नोंदवून ठेवणारं सॉफ्टवेअर). किकॅडच्या फाइल्स साध्या टेक्स्ट असतात त्यामुळे गिटला छान झेपतात, फक्त त्या दोन फालतू फाइल्स इग्नोरमध्ये टाक. गिट येत नसेल तर निदान फाइल मेनूतलं आर्काइव्ह प्रोजेक्ट वापरून तारीख टाकून झिप काढ, पण ते फोल्डराबाहेरच्या लायब्ररी उचलत नाही हे लक्षात ठेव. गर्बरसाठी प्लॉट करताना आउटपुटला वेगळं सबफोल्डर दे, रिव्हिजन नंबर नावात आणि बोर्डच्या सिल्कवर (छापील अक्षरांच्या थरावर) दोन्हीकडे, आणि भोकांची ड्रिल फाइल वेगळी जनरेट करावी लागते ती विसरू नकोस. पाठवायच्या आधी ती झिप गर्बर व्ह्यूअरमध्ये उघडून बघ, एडिटरमधला बोर्ड बघून समाधान मानू नकोस.

तुझं आत्ताचं प्रोजेक्ट वाचवायचं तर उद्या कॉलेजात जाऊन अख्खं फोल्डर आण, डी ड्राइव्हवरच्या लायब्ररीसकट. ती कुणी उडवली असेल तर बोर्डवरच्या फुटप्रिंट एक्स्पोर्ट करून प्रोजेक्टसाठी नवीन लायब्ररी बनवता येते. आणि पेन ड्राइव्हवरून थेट काम करू नकोस, आधी हार्ड डिस्कवर कॉपी कर.