उत्तरेकडच्या अंगणात पेकान: वाचकांचे प्रश्न

प्रश्न: आम्ही शिकागोजवळ नेपरव्हिलला राहतो. घरामागे मोकळी जागा आहे, तिथे पेकान (अक्रोडाच्या कुळातलं कवचफळाचं झाड) लावायचा विचार आहे. एका दुकानात ‘स्टुअर्ट’ जातीचं कलम स्वस्तात मिळतंय, चिठ्ठीवर ‘झोन ५’ लिहिलंय. घ्यावं का?

उत्तर: घेऊ नका. स्टुअर्ट ही मूळची मिसिसिपी राज्याच्या किनाऱ्यावरची जात. तिला लांबलचक उन्हाळा लागतो आणि तो तुमच्याकडे नाही.

चिठ्ठीवरचा ‘झोन ५’ फक्त हिवाळ्याबद्दल बोलतो. वर्षातली सर्वांत कडाक्याची थंडी सरासरी उणे २० ते उणे १० अंश फॅरनहाइटपर्यंत जाते, असा तो पट्टा. तेवढ्या थंडीत लाकूड तगेल, इतकाच त्याचा अर्थ. फळाचं गणित वेगळं आहे. मे महिन्यात फुलं धरल्यापासून वरची हिरवी साल उकलेपर्यंत भरपूर दिवस आणि भरपूर ऊब लागते. त्याआधीच पहिलं कडक हिम पडलं, तर साल उकलत नाही. काळी पडून टरफलाला चिकटून बसते. फोडून पाहिलं तर आत सुरकुतलेला, तुरट गर किंवा नुसता पोचटपणा. झाड वर्षानुवर्षं हिरवंगार उभं राहतं आणि खायला काही मिळत नाही. उत्तरेत सगळ्यात जास्त फसगत इथेच होते.

म्हणून आधी तुमच्या गावातलं वसंतातलं शेवटचं हिम आणि शरदातलं पहिलं हिम यांच्यामधले दिवस मोजा, मग जात ठरवा. कॅन्ससमध्ये ‘पॉनी’ सप्टेंबरच्या उत्तरार्धात पिकते, ‘कान्झा’ त्यानंतर. तुमच्याकडे या दोन्ही जातींचं फळ वेळेत पिकेल याचा भरवसा नाही. मिसिसिपी नदीच्या उत्तर पट्ट्यातून निवडलेल्या ‘मुलाही’, ‘कार्लसन ३’ यांसारख्या जाती शोधा. फळ लहान असतं, पण भरतं.

नर्सरीला जातीइतकंच खुंटाबद्दल, म्हणजे ज्या मुळाच्या रोपावर कलम बांधलंय त्याबद्दल, विचारा. वरची काडी उत्तरेची आणि खुंट दक्षिणेतल्या बियांचा, असं कलम सर्रास विकलं जातं. कडक हिवाळ्यात मग खुंटच मरतो आणि त्याच्याबरोबर कलमही जातं. खुंट ‘कोल्बी’सारख्या उत्तरेकडच्या झाडाच्या बियांचा हवा. विक्रेत्याला खुंट कुठला हे सांगता येत नसेल, तर दुसरी नर्सरी बघा.

प्रश्न: सिनसिनाटीत एकच झाड लावलं तर फळं येतील का? जागा फार नाही.

उत्तर: एका झाडावर विसंबू नका. पेकानचे नर तुरे आणि मादी फुलं एकाच झाडावर येतात खरी, पण वेगवेगळ्या वेळी. पॉनी आणि ‘मेजर’ यांचा पराग आधी झडतो. कान्झा, कोल्बी आणि ‘लकोटा’ यांची मादी फुलं आधी तयार होतात. दोन गटांतलं एकेक झाड लागतं. पराग वाऱ्यावर येतो. तुमच्याकडे कान्झा आणि मेजर ही जोडी आम्ही सुचवू. मेजर मूळची केंटकीची, फळ बारीक, पण दोन्हींना खवल्या रोग (स्कॅब) फारसा त्रास देत नाही. पॉनीचं फळ मोठं असलं तरी दमट उन्हाळ्यात त्याच्या सालीवर काळे डाग पडतात आणि फवारणीशिवाय गत्यंतर नसतं. दोन झाडांत निदान ३५ ते ४० फूट अंतर ठेवा. जागा नसेल आणि शेजारी तयार असेल, तर एक झाड त्याच्या अंगणात चालेल.

प्रश्न: रोप आल्यावर काय तपासायचं? लावताना काय चुकतं?

उत्तर: कुंडीतलं रोप असेल तर बाहेर काढून मुळं बघा. पेकानला लांब सोटमूळ असतं. उथळ कुंडीत ते तळाशी वेटोळं घालतं. असं रोप तसंच लावलं तर पुढे जोमच धरत नाही. पन्हाळीसारखी उंच, तळ मोकळा असलेली कुंडी असेल तर उत्तम. मातीविना आलेलं रोप ओल्या कापडात ठेवा, मुळं अर्धा तासही उन्हावाऱ्यात सुकू देऊ नका. सोटमूळ सरळ मावेल इतका खोल खड्डा घ्या, मूळ दुमडून कोंबू नका. मातीविना आलेल्या रोपाचा शेंडा साधारण एकतृतीयांश छाटा, कारण खणताना बरीच बारीक मुळं तुटलेली असतात. कलमाचा जोड मातीच्या वर राहिला पाहिजे. खड्ड्यात खत घालू नका.

बुंध्याभोवती तीन फुटांपर्यंत गवत उगवू देऊ नका. पाणी पळवण्यात गवताचा हात कोणी धरू शकत नाही. ऑगस्टनंतर नत्र देऊ नका. उशिरा फुटलेली कोवळी फूट पहिल्या थंडीत काळी पडते. शरदात खोडाला पांढरा लेटेक्स रंग समप्रमाणात पाणी घालून लावा. जानेवारीत दुपारचं ऊन नैर्ऋत्येकडून खोड तापवतं, रात्री ते गोठतं आणि साल उभी तडकते. सशांसाठी जाळी लावा, ती बर्फाच्या थराच्या वरपर्यंत यायला हवी.