सुरुवात 'मॉर्ट'पासून कर

परवा राजवाड्यावर भेटलास तेव्हा म्हणालास, विनोदी फँटसी वाचायला घेतली पण तीस पानांतच पुस्तक मिटलं. मालिकेतलं पहिलंच उचललंस ना, तिथंच गोची झाली. टेरी प्रॅचेट या इंग्रज लेखकाच्या डिस्कवर्ल्ड या मालिकेत ४१ कादंबऱ्या आहेत, १९८३ ते २०१५ मधल्या, आणि बहुतेक सुट्ट्या वाचता येतात. तू १९८७ ची 'मॉर्ट' घे.

त्यात उमेदवार पोरं कामाला ठेवून घ्यायचा बाजार भरतो. बाकीच्यांना मालक मिळतात, मॉर्ट मात्र मध्यरात्रीपर्यंत थंडीत उभाच. मग पांढऱ्या घोड्यावरून साक्षात मृत्यू येतो आणि त्याला हाताखाली घेतो. घोड्याचं नाव काय, तर बिंकी! या मृत्यूला मांजरं आवडतात, झणझणीत रस्सा आवडतो. हसता हसता आपण त्याच्या एकटेपणापाशी कधी येऊन बसतो, कळतही नाही. मला हा प्रकार जीव लावतो तो यासाठी.

डिस्कवर्ल्डचं ते जग सपाट आहे, चार हत्तींवर, आणि हत्ती कासवाच्या पाठीवर. कूर्म आणि दिग्गजांच्या गोष्टी ऐकत वाढलेल्या आपल्याला ते परकं कशाला वाटेल?

तळटीपा सोडू नकोस, अर्धी गंमत तिथेच असते. इंग्रजीतला एखादा श्लेष अडला तर अडू दे, पुढे जा. पुस्तकात प्रकरणं नाहीत, त्यामुळे रात्री उशिरा हातात घेऊ नकोस. रविवारी शाहूपुरीत घरी ये, पहिली वीस पानं मिळून मोठ्यानं वाचू.