सह्याद्रीतील भटकंतीनंतर नैसर्गिक गुहांचा छंद कसा सुरू करावा?

सह्याद्रीत सात-आठ वर्षे भटकंती केलेल्या माणसाला नैसर्गिक गुहांमध्ये उतरण्याचा छंद लावून घ्यायचा असेल, तर त्याने सुरुवात कोठून करावी आणि त्यात जिवाला धोका कितपत असतो, असे आपण विचारले आहे. मी पुण्याचा असून गेली काही वर्षे हिवाळ्यात मेघालयात याच कामासाठी जातो, त्या अनुभवावरून लिहितो.

आपल्याकडे गुहा म्हटले की अजिंठा, कार्ले, भाजे डोळ्यांपुढे येतात. पण ती माणसाने छिन्नीने कोरलेली लेणी आहेत. सह्याद्रीचा काळा कातळ लाव्हारस थिजून झालेला असल्यामुळे पाण्यात सहजी विरघळत नाही, म्हणून आपल्या डोंगरांत कपारी आणि घळी भेटतात, कोसभर आत जाणारी भुयारे भेटत नाहीत. चुनखडीचे तसे नाही. पावसाचे पाणी हवेतला आणि मातीतला कार्बन डायऑक्साइड घेऊन किंचित आम्ल होते, खडकाच्या भेगांत मुरते आणि हजारो वर्षे त्या भेगा रुंदावत राहते. मौसिनरामला वर्षाला सरासरी ११,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, हे लक्षात घेतले म्हणजे मेघालयाच्या दक्षिण उतारावर इतक्या गुहा का आहेत ते निराळे सांगावे लागत नाही. जैंतिया टेकड्यांतील क्रेम लियात प्राह ही गुहा ३० किलोमीटरहून लांब आहे. (खासी भाषेत ‘क्रेम’ म्हणजे गुहा.) चुनखडीच हवी असाही नियम नाही, मौसिनरामच्या भागातील क्रेम पुरी वालुकाश्मात असून तिची लांबी २४ किलोमीटरहून अधिक भरली आहे.

सुरुवातीला सोहरा, म्हणजे चेरापुंजी, येथे मुक्काम करावा. मॉस्माई गुहेत विजेचे दिवे आहेत. अरुंद जागेत आपल्याला घुसमटल्यासारखे होते का, हे तेथे अर्ध्या तासात कळते. तसे झाले नाही, तर स्थानिक वाटाड्याला घेऊन क्रेम मॉम्लुहला जावे. याच गुहेतील एका लवणस्तंभाच्या (ठिबकणाऱ्या पाण्यातील चुना साचून झालेल्या खांबाच्या) थरांत सुमारे ४,२०० वर्षांपूर्वी पाऊस क्षीण झाल्याची खूण सापडली आणि २०१८ साली भूशास्त्रज्ञांनी तेव्हापासून आजपर्यंतच्या कालखंडाला ‘मेघालयन’ हे नाव दिले. थेंबाथेंबाने वाढलेल्या त्या स्तंभांना बोटही लावू नये, कारण हाताचा तेलकटपणा लागला की त्या जागी पुढचा थर नीट धरत नाही.

आता धोक्याविषयी. नवखी माणसे साप आणि वटवाघळे यांना भितात. खरी भीती पाण्याची आणि अंधाराची आहे. गुहेत नदी वाहत असेल, तर आपल्या डोक्यावर आकाश नसतानाही दूरच्या डोंगरावर पडलेला पाऊस आपली परतीची वाट बुडवू शकतो. थायलंडमधील थाम लुआंग गुहेत २०१८ च्या जूनमध्ये १२ मुले आणि त्यांचा प्रशिक्षक अशाच पाण्याने अडकले आणि शेवटच्यांना बाहेर यायला १० जुलै उजाडला. तेथील पाणी उपसण्याच्या कामात आपल्या किर्लोस्कर ब्रदर्सच्या माणसांनीही मदत केली होती. म्हणून नोव्हेंबर ते मार्च एवढाच काळ धरावा, आणि त्या दिवसांतही वाटाड्या ‘आज नको’ म्हणाला तर वाद न घालता परत फिरावे.

अंधाराचा धडा मला स्वतःला मिळाला आहे. दुसऱ्याच वर्षी कमरेएवढ्या पाण्यातून जाताना माझ्या हेडटॉर्चमध्ये पाणी शिरून ती विझली. दुसरी टॉर्च मागून येणाऱ्या मित्राच्या सॅकमध्ये होती आणि तो वळणापलीकडे होता. त्याचा उजेड दिसेपर्यंतच्या चार-पाच मिनिटांत मला माझा हातही दिसला नाही, आणि पाऊल उचलण्याचे धैर्य झाले नाही. तेव्हापासून तीन दिवे मी स्वतःच्या अंगावर बाळगतो, त्यांपैकी एक हेल्मेटवर, आणि सुटे सेल कोरड्या डबीत. सुती कपडे वापरू नयेत. ते भिजले की वाळत नाहीत आणि थंडीने माणूस लवकर थकतो. चौघांहून कमी जणांनी आत जाऊ नये, आणि किती वाजेपर्यंत परतणार हे बाहेरच्या कोणाला तरी सांगून जावे.

उभ्या, विहिरीसारख्या गुहांची घाई करू नये. सह्याद्रीत आपण रॅपलिंग करून खाली उतरलो की वाटेने घरी जातो. गुहेत मात्र ज्या दोरावरून उतरलो त्याच दोरावरून, भिजलेल्या आणि थकलेल्या अंगाने, वर यावे लागते. जुमार (दोराला धरून फक्त वरच्या बाजूला सरकणारी पकड) लावून तीस मीटर दोर चढण्याचा सराव आपल्या ओळखीच्या एखाद्या कड्यावर, अनुभवी माणसाच्या देखरेखीखाली, न थांबता जमेपर्यंत करावा आणि मगच तशा गुहेचा विचार करावा.