ग्रीक तत्त्वज्ञानाचा प्राध्यापक आयुष्यभर नेमकं करतो काय?

तुमचे प्रश्न दोन आहेत: प्लेटो-ॲरिस्टॉटलवर सगळं लिहून झालेलं असताना त्यांचा प्राध्यापक नवीन काय करतो, आणि संस्कृत घेऊन बी.ए. केलेल्याला त्यात शिरकाव मिळेल का. मी इंग्लंडमध्ये हाच विषय शिकवते. पण माझी कथा बाजूला ठेवते आणि ग्रेगरी व्लास्टोस यांच्याबद्दल सांगते. आमच्याकडे प्लेटो आज ज्या पद्धतीने वाचला जातो, ती घडी बरीचशी त्यांनी बसवली.

जन्म १९०७ चा, इस्तंबूलमधला. वडील ग्रीक, आई स्कॉटिश. १९३१ साली हार्वर्डची पीएच.डी. मिळाली आणि लगेच कॅनडात किंग्स्टनच्या क्वीन्स विद्यापीठात नोकरी. १९४८ पर्यंत ते तिथेच होते, मधली काही वर्षं युद्धामुळे कॅनडाच्या हवाई दलात. मग अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात, मग १९५५ पासून तिथल्याच प्रिन्स्टनला. ज्या लेखाने नाव झालं तो १९५४ चा, म्हणजे शिकवायला लागून तेवीस वर्षं उलटल्यावरचा. हल्ली एवढी सबुरी कोण दाखवतं?

आणि तो लेख कशावर? प्लेटोच्या 'पार्मेनिडीस' या संवादातल्या काही ओळींवर. १५७८ च्या आवृत्तीचे पृष्ठांक आम्ही अजून वापरतो. त्यानुसार हा उतारा १३२ व्या पानावर येतो. सॉक्रेटिसचं म्हणणं असं, की पुष्कळ मोठ्या वस्तू पाहिल्या की त्या सगळ्यांत एकच 'मोठेपण' दिसतं. पार्मेनिडीस विचारतो: बरं, आता त्या वस्तू आणि ते मोठेपण एकत्र बघ. ही सगळीच मोठी, तर त्यांना मोठं करणारं आणखी एक मोठेपण लागेल ना? मग त्याच्यावर आणखी एक, आणि हे थांबायचंच नाही.

वाचताना हे पटतं. व्लास्टोस यांनी मात्र हे 'लागेल ना' कुठून आलं ते खणून काढलं. त्यात न बोललेली दोन गृहीतकं आहेत. एक, मोठेपण स्वतःही मोठं असतं. दुसरं, जे काही मोठं असतं ते स्वतःहून वेगळ्या अशा मोठेपणामुळे. दोन्ही शेजारी ठेवून पाहा: मोठेपण स्वतःहूनच वेगळं ठरतं! मग प्लेटोला हे कळलं नव्हतं का? व्लास्टोस यांच्या मते तो खरोखरच अडला होता आणि आपली अडचण त्याने प्रामाणिकपणे लिहून ठेवली. यावर सेलर्स, गीच वगैरे तत्त्वज्ञ मंडळी लगेच तुटून पडली आणि तो वाद अजून मिटलेला नाही. तर नवीन काय करतात, ते हे.

बाकी वेळ जातो विद्यार्थ्यांत. टेरेन्स इर्विन हे त्यांचेच विद्यार्थी. त्यांच्या प्लेटोवरच्या पुस्तकाचं परीक्षण गुरुजींनी लंडनच्या 'टाइम्स लिटररी सप्लिमेंट'मध्ये १९७८ साली लिहिलं आणि मग दोघांची त्या साप्ताहिकाच्या पत्रव्यवहारात जाहीर जुंपली. आपल्याकडे गाइडशी असं भांडून पाहा! व्लास्टोस १९७६ मध्ये प्रिन्स्टन सोडून बर्कलीला गेले आणि १९८७ पर्यंत शिकवत राहिले. उन्हाळ्यात इतर कॉलेजांतल्या प्राध्यापकांसाठी सॉक्रेटिसवर वर्गही घेत. सॉक्रेटिसवरचं त्यांचं मोठं पुस्तक आलं १९९१ साली, आणि त्याच वर्षी ते गेले.

आता तुमचं संस्कृत. ते वाया जाणार नाही. विभक्ती, द्विवचन, आत्मनेपद यांनी वर्गातली इंग्रज मुलं हैराण होतात. तुम्हाला ते ओळखीचं वाटेल. 'मी देतो'ला ग्रीकमध्ये 'दिदोमि' म्हणतात, त्याच्या शेजारी 'ददामि' ठेवा, म्हणजे कळेल. पण ग्रीक आत्ताच सुरू करा, एम.ए.ची वाट पाहू नका. सोबत लॅटिन आणि वाचता येण्यापुरतं जर्मन-फ्रेंच लागेल. प्रवेशाच्या वेळी मुलं अडतात ती भाषांवर. तत्त्वज्ञान बहुतेकांचं बरं असतं.

नोकरी तत्त्वज्ञान विभागात मिळते किंवा क्लासिक्सच्या, म्हणजे प्राचीन ग्रीक-लॅटिनच्या; दोन्हीकडे जागा थोड्या आणि सुरुवातीची वर्षं बहुधा कंत्राटी. म्हणून पीएच.डी.ला फी आणि राहण्याचा खर्च भागवणारी शिष्यवृत्ती मिळाली तरच या. घर गहाण ठेवून, कर्ज काढून मुळीच येऊ नका.