आईने पाणी पिणं का कमी केलं

तुमचा प्रश्न असा: "वय 57. घरात आई-वडील, दोघंही ऐंशीच्या पुढचे, आणि अडीच वर्षांचा नातू. मुलगा-सून सकाळी जातात ते रात्रीच येतात. दिवसभर पळते, तरी सगळ्यांवर खेकसते आणि मग रडू येतं. कसं निभवायचं?"

ताई, मी कोल्हापूरची, मंगळवार पेठेत राहते, वय 59. आई 82 ची, आबा 87 चे. चार वर्षांपूर्वी आईचं खुब्याचं हाड मोडलं तेव्हापासून दोघं माझ्याकडेच आहेत. नात आता तीन वर्षांची झाली. म्हणजे आपलं घर साधारण एकाच साच्यातलं.

खेकसण्याचं तुम्ही शेवटी लिहिलंत, पण मी सुरुवात तिथूनच करते.

गेल्या उन्हाळ्यात एका रात्री आईने लघवीसाठी तिसऱ्यांदा हाक मारली. नात तापाने किरकिरत होती, नुकतीच कुठं डोळा लागला होता तिचा. मी म्हणाले, "आई, आता किती वेळा गं?" एवढंच. पण आवाज चढला होता. आई काही बोलली नाही. त्यानंतर ती रात्री हाक मारेनाशी झाली, आणि खरं सांगते, मला बरंच वाटलं. दहा-बारा दिवसांनी ती एकाएकी बरळायला लागली. मला मावशीच्या नावाने हाका मारू लागली, आबांना "तुम्ही कोण" विचारलं. येणारा-जाणारा म्हणाला, वय झालं आता. डॉक्टरांनी लघवी तपासायला लावली, तर संसर्ग निघाला. म्हाताऱ्या माणसाला लघवीचा संसर्ग झाला की कधीकधी ताप नाही, जळजळ नाही, नुसता भ्रमच होतो. औषध सुरू झाल्यावर चार दिवसांत आई ताळ्यावर आली.

मग लक्षात आलं की दुपारी चारनंतर ती पाणीच पीत नव्हती. उशाचा तांब्या सकाळी भरलेला तसाच असायचा. विचारलं तर म्हणाली, "तुला उठायला लागतंय रात्रीचं."

ताई, मला त्या तांब्याचं फार लागलं. आपण खेकसलो की ही माणसं भांडत नाहीत, गरजा लपवायला लागतात. म्हणून चिडचिड हा स्वभावाचा दोष धरून देवापुढे रडत बसू नका. कामाचे तास जास्त झाले, एवढाच त्याचा अर्थ. तास कमी करायचे.

मी वहीत एका दिवसाचं सगळं लिहून काढलं. पहाटे साडेपाच ते रात्री साडेदहा, सतरा तास, शिवाय रात्रीचं उठणं. मुलगा शिरोली एमआयडीसीत, सून बँकेत. दोघांसमोर वही ठेवली. पोरांना खरंच कल्पना नव्हती, त्यांना वाटायचं आईला नातीची हौस आहे. हौस आहेच की, पण सतरा तासांची नाही. त्या दिवसापासून नातीची अंघोळ आणि सकाळचं खाणं उरकूनच सून बाहेर पडते. नात साडेनऊ ते साडेबारा बालवाडीत जाते. रात्री ती रडली तर मुलगा उठतो, मी उठत नाही. पहिले आठ दिवस मला झोपच लागली नाही, कान तिकडेच असायचे.

भाऊ पुण्याला असतो. दिवाळीला नि जोतिबाच्या चैत्र यात्रेला यायचा, एरवी रोज फोन, "आई कशी आहे?" त्याला मी सांगितलं, "विचारू नकोस, येऊन दोन रात्री तिच्या खोलीत झोप." पहिल्यांदा रागावला. आता महिन्यातला एक शनिवार-रविवार येतो, आणि सकाळी आईच्या अंघोळीला बाई लावलीय तिचा पगार तोच देतो. भावंडाला "लक्ष दे" म्हटलं की काही होत नाही. नेमकं काम आणि नेमका वार सांगावा लागतो.

आबांना बसून बसून उदास वाटायचं. मी त्यांना नि नातीला मिळून शेंगा फोडायला दिल्या, तर बालरोगतज्ज्ञांनी हटकलं, चार वर्षांखालच्या मुलाच्या हाताला शेंगदाणे लागू द्यायचे नाहीत, श्वासनलिकेत अडकतात. मग वाळलेले कपडे दिले. नात एकेक नॅपकिन नेऊन देते, आबा मांडीवर घडी घालतात, थरथरत्या बोटाने कड जुळवतात, आणि ती घडी ही बया परत विसकटते. अर्धा तास जातो. मी मात्र तिथेच भाजी निवडत बसते. पणजोबाच्या भरवशावर पोर किंवा पोराच्या भरवशावर पणजोबा, असं सोडून मी कधी गॅलरीतही जात नाही.

औषधं कुलपात ठेवायचं तर आजच मनावर घ्या. मागे एकदा आईची साखरेची (मधुमेहाची) गोळी हातातून पडली आणि नातीने तोंडात घातली. अर्धी थुंकली. आम्ही गोळ्यांचं पाकीट घेऊन तसेच दवाखान्यात पळालो, रात्रभर साखर तपासत तिला ठेवून घेतलं. साखरेच्या काही गोळ्या अशा असतात की एक जरी लहान मुलाच्या पोटात गेली तरी साखर धोक्याइतकी उतरते, आणि तीही कधीकधी काही तासांनी. तेव्हा पोर खेळतंय म्हणून घरी थांबायचं नाही. आता आमचा औषधाचा डबा कपाटात कुलपात असतो, आणि गोळी मी हातावर देते, गिळेपर्यंत समोर उभी राहते. संध्याकाळी खेळणी टोपलीत गोळा करणं हेही असंच. आईचा वॉकर एकदा ठोकळ्यावर अडखळला होता.

सत्तरीपुढच्यांचं आयुष्मान कार्ड काढलं नसेल तर आधार घेऊन काढून टाका. ऑक्टोबर 2024 पासून उत्पन्नाची अट नाही, वर्षाला 5 लाखांपर्यंत उपचार मोफत होतात. दोघांत मिळून 5 लाख, आणि दवाखान्यात दाखल झाल्यावरच. रोजच्या गोळ्या त्यात बसत नाहीत. कुठे अडलं तर ज्येष्ठांसाठी 14567 हा फोन आहे.

मी रोज संध्याकाळी सहाला रंकाळ्यावर जाते, पाऊण तास. शेजारच्या काकू तेवढा वेळ घरी येऊन बसतात, बदल्यात त्यांच्या भाकरी मी थापते. सुरुवातीला निघताना चोरी केल्यासारखं वाटायचं. आता आईच सहा वाजले की म्हणते, "जा गं, उशीर होतोय." आणि तांब्यातलं पाणी पिऊन दाखवते.