हक्काचे पैसे मागताना जीभ का अडखळते?

नाशिकच्या सातपूर आणि अंबड औद्योगिक वसाहतींत छोटे वर्कशॉप चालवणारे, किंवा गंगापूर रोडवरच्या नव्या घरांत फर्निचरची कामे घेणारे कितीतरी जण माझ्याकडे झोप लागत नाही म्हणून येतात. थोडे बोलते झाले की बहुतेकांची व्यथा एकच निघते, की काम पूर्ण करून दिले, पण पैसे अडकले आहेत.

अंबडमधील एका फॅब्रिकेटरना त्यांच्या पत्नी घेऊन आल्या होत्या. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) एका कारखान्याकडे त्यांचे मोठे बिल कित्येक महिने थकले होते आणि त्यावरचा जीएसटी मात्र त्यांनी पदरचा भरला होता. घरी मुलांवर खेकसणारे हे गृहस्थ कारखान्यात गेले की चहा घेऊन, "आमचं जरा बघा साहेब," एवढेच म्हणून परत येत.

"रक्कम आणि तारीख स्पष्ट का विचारत नाही?"

"भीक मागितल्यासारखं वाटतं, मॅडम. शिवाय पुढचं काम गेलं तर?"

"तुमचा वेल्डर पगार मागतो, तेव्हा तो भीक मागतो का?"

हातावरच्या ठिणगीच्या जुन्या डागावर अंगठा फिरवत ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "नाही. त्याच्या कामाचे आहेत ते. उशीर झाला तर मलाच लाज वाटते."

माझ्या अनुभवात उपदेशाने जे साधत नाही, ते अशा एका प्रश्नाने साधते. थकबाकीचा त्रास खराच असतो; पण माणूस खचतो तो तिला आपण दिलेल्या अर्थाने. 'पैसे दिले नाहीत, म्हणजे मला किंमत नाही' हा विचार तोंड बंद करतो, तर 'त्याने दिलेच पाहिजेत' हा हट्ट नुसता संताप वाढवतो, आणि दोन्हींमुळे चार ओळींचे साधे पत्र लिहायचे राहून जाते.

ते पत्र आम्ही मिळून लिहिले: बिल क्रमांक, माल पोहोचल्याचे सही-शिक्क्याचे चलन, रक्कम आणि पैसे देण्याची तारीख. २००६ च्या एमएसएमईडी, म्हणजे सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायद्याचा उल्लेखही त्यात केला. त्यानुसार नोंदणीकृत सूक्ष्म वा लघु उद्योगाचे पैसे लेखी करार असला तरी ४५ दिवसांच्या आत, आणि करार नसेल तर १५ दिवसांत द्यावे लागतात. उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज लागते आणि अशा थकबाकीचे वाद सोडवणाऱ्या सरकारी फॅसिलिटेशन कौन्सिलकडे दाद मागता येते. यासाठी अशा उद्योगांची सरकारी नोंदणी, म्हणजे उद्यम नोंदणी, काम देण्याआधीच झालेली असावी, म्हणून ती आजच करून घ्यावी असे मी प्रत्येकाला आग्रहाने सांगते. नोंदणी नसलेल्यांना दिवाणी दाव्याचा मार्ग असतो, पण त्याची मुदत साधारणपणे तीन वर्षांची. संकोचात ती निघून जाऊ देऊ नये.

त्यांचे पैसे दोन हप्त्यांत आले. पुढच्या ऑर्डरच्या वेळी त्यांनी निम्मी रक्कम आगाऊ मागितली. कारखान्याने तीस टक्के देऊ केली आणि ते लेखी घेऊनच त्यांनी काम सुरू केले.